वाघिणींच्या मागावर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांच्या मनोगतात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून लिहून काढले आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘एक आगळावेगळा छंद’ असं छापलंय. छंद तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सकाळी दुधाची पिशवी आणायला गेलेला माणूस फाटकाजवळ पाऊण तास उभा राहतो, घरी दूध उशिरा पोचतं आणि मग जे होतं ते आमच्या शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून ऐकू जातं. सोसायटीतली पोरं मला ‘मालगाडीवाले आजोबा’ म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बँकेत असताना ‘लोन नाकारणारे साहेब’ म्हणायचे, त्यापेक्षा हे बरं.

तर आज मालगाड्यांबद्दल बोलतो, आणि मालगाड्यांचे फोटो काढण्याबद्दल. शेवटी एक गंभीर गोष्ट सांगायची आहे, तेव्हा जेवणाचा वास आला तरी तेवढं ऐकून जा.

प्रश्न पहिला असतो तो हा, की मालगाडीच का? वंदे भारत का नाही? ३० डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हा निम्मी सोसायटी स्टेशनवर होती. मीही होतो. पण त्या गाडीचे फोटो त्या दिवशी हजारोंनी निघाले. तिला माझी गरज नव्हती. त्याच दिवशी खताची एखादी गाडी स्टेशनातून गेली असेल, तर तिच्याकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नसणार. बँकेत एक शिकलो. दर्शनी भागात फुलदाणी असते, पण बँक चालते ती मागच्या खोलीतल्या खातेवह्यांवर. रेल्वेचंही तसंच आहे. तिच्या उत्पन्नातला जवळपास दोन तृतीयांश पैसा मालवाहतुकीतून येतो. आपण तिकीट काढून ज्या गाडीत बसतो, तिचा तोटा ही मुकी गाडी भरून काढते.

आणि वयानंही मालगाडी थोरली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला प्रवासी गाडी गेली, हे शाळेत सगळे शिकतात. पण त्याच्या आधी, १८३७ मध्ये, मद्रासजवळ रेड हिल्स इथं दगड वाहून न्यायला रेल्वे वापरली गेली. १८५१ मध्ये रुडकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या कामाला माती-दगड रेल्वेनं वाहिले. म्हणजे या देशात रेल्वे आली ती माल घेऊन. माणसं नंतर बसली.

मराठीत वॅगनला ‘वाघीण’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, मालधक्क्यावर खरोखर वाघिणी बांधलेल्या असतात. हा शब्द आता फक्त वर्तमानपत्रात उरलाय. हमाल आणि व्यापारी ‘डबा’ किंवा ‘वॅगन’ म्हणतात आणि पूर्ण गाडीला ‘रेक’. ‘युरियाची रेक लागली’ म्हटलं की खताच्या दुकानदाराचा चेहरा खुलतो, ते तुम्ही पाहिलं असेल.

आता माझा आणि या वाघिणींचा संबंध कसा आला ते सांगतो. १९७३ साली मी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये लागलो. ही बँक निजामाच्या काळात, १९४१ मध्ये सुरू झालेली. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. आपली ही रेल्वे लाइनही निजामाच्याच काळातली. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतची हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे, १९०० च्या सुमाराला सुरू झालेली. एक मीटर रुंदीची, म्हणून मीटर गेज. पुढे १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली आणि १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेत आहे. माझ्या बदल्याही सगळ्या याच लाइनवर झाल्या. परतूर, सेलू, परभणी, जालना. आमच्या सौ. म्हणतात, ‘तुमच्या नोकरीला रूळ होते, बाहेर पडताच आलं नाही.’

सेलूला मी बिलांच्या टेबलावर होतो. त्या काळी व्यापारी सरकी, तूर, कापूस रेल्वेनं लांब पाठवायचे. माल वाघिणीत चढला की रेल्वे एक पावती द्यायची. रेल्वे रिसीट, आमच्या भाषेत ‘आर.आर.’ व्यापारी ती आर.आर. बिलासोबत आमच्याकडे आणून द्यायचा. आम्ही ती माल घेणाऱ्याच्या गावातल्या शाखेकडे पाठवायचो. तिकडच्या पार्टीनं पैसे भरले की आर.आर. तिच्या हातात, आणि आर.आर. दाखवली की माल तिच्या ताब्यात. पैसे भरायला उशीर झाला तर मालधक्क्यावर भाडं चढायचं. म्हणजे रुळांवर धावणाऱ्या वाघिणीतल्या मालाची किल्ली बँकेच्या तिजोरीत! त्या आर.आर.वर वाघिणीचा नंबर असायचा. नंबर रोज लिहायचो, पण वाघीण कधी पाहिलेली नव्हती. एका संध्याकाळी बँक सुटल्यावर मुद्दाम मालधक्क्यावर गेलो आणि दिवसा रजिस्टरात लिहिलेला नंबर डोळ्यांनी पाहिला. मंडळी, तारण प्रत्यक्ष पाहिल्याचा आनंद बँकवाल्यालाच कळेल.

पुढे अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. एका रोलमध्ये बारा फोटो. बारापैकी अकरा घरच्यांसाठी, एक माझ्यासाठी, असा तह झाला होता. त्यामुळे १९८० च्या दशकातले माझ्याकडे मालगाड्यांचे फोटो अगदी मोजके आहेत. त्यातला एक आज मागच्या भिंतीवर लावलाय. सेलूला वाफेचं इंजिन, वायजी जातीचं, म्हणजे मीटर गेजवर मालगाड्या ओढणारं. मागं लहान लहान वाघिणी. फोटो काढताना एक हमाल मला म्हणाला होता, ‘साब, आदम्यांचे फोटू काढो, ये काले डब्बे का क्या फोटू काढते?’ मी हसलो. १९९० च्या दशकात लाइन मोठी झाली, रूळ १,६७६ मिलिमीटरचे आले. ते इंजिन गेलं, त्या वाघिणी गेल्या, आणि मनमाडला छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत माल उचलून टाकणाऱ्या शेकडो हमालांचं कामही गेलं. तो फोटो पाहून सेलूचे लोक आता विचारतात, ‘अजून आहेत का हो?’ नाहीत. म्हणून सांगतो, जे रोज दिसतं त्याचाच फोटो आधी संपतो.

आता ‘वेगळी मालगाडी’ म्हणजे काय? माझ्या हिशेबानं दोन प्रकार. एक, जी दिसायलाच वेगळी. दुसरी, जी दिसायला नेहमीसारखी, पण पोटात वेगळं काही.

पहिल्या प्रकारातली माझी आवडती गाडी म्हणजे मोटारी वाहणारी. लांबून पाहिलं तर पॅसेंजर गाडीच वाटते. जवळ आली की लक्षात येतं, खिडक्या सगळ्या बंद करून टाकल्यात. पॅसेंजर गाडीतून निवृत्त झालेले डबे असतात ते. आसनं काढतात, खिडक्या पत्र्यानं झाकतात, डब्याच्या दोन्ही टोकांना दारं करतात. मग मोटारी एका टोकानं चढवतात आणि डब्यातून डब्यात चालवत शेवटपर्यंत नेतात. साठीनंतर दुसरी नोकरी लागलेला मला भेटलेला एवढाच एक सुखी निवृत्त!

दुसरी म्हणजे अवजड यंत्रं नेणारी. मोठा ट्रान्सफॉर्मर साध्या वाघिणीवर मावत नाही. त्यासाठी मध्ये खोलगट असलेली, खूप चाकांची वाघीण असते. माल ठरलेल्या मापाबाहेर जातो म्हणून गाडी हळू चालवतात, कधी कधी फक्त दिवसाउजेडी. अशी गाडी आपल्याकडून जाते तेव्हा माझ्यासारख्याला दिवाळी.

मात्र लष्कराची गाडी दिसली, रणगाडे, तोफा लादलेली, की कॅमेरा खिशात. तिला मनातल्या मनात सलाम करायचा. तो फोटो आपल्यासाठी नाही.

लांबीचं म्हणाल तर आपली नेहमीची रेक साधारण साडेसहाशे-सातशे मीटर भरते. पण १५ ऑगस्ट २०२२ ला ‘सुपर वासुकी’ नावाची गाडी कोरब्याहून नागपूर बाजूला राजनांदगावला गेली. २९५ वाघिणी, सहा इंजिनं, साडेतीन किलोमीटर लांबी, २७ हजार टन कोळसा. इथल्या गांधी चमनपाशी इंजिन आणि शेवटचा डबा पार गावाबाहेर, असं डोळ्यांपुढं आणा.

आता परदेशातलं थोडं. आपल्याच सोसायटीत वाढलेली एक मुलगी सध्या कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात असते. माझा छंद माहीत असल्यानं ती मला तिकडचे फोटो पाठवते. अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांत सपाट, गवताळ मैदानं पसरलीत. त्यांना प्रेअरी म्हणतात. आपल्याकडे फाटकावर उभं राहिलं तर बाभळीआड गाडी लपते. तिथं म्हणे गाडी क्षितिजावर दिसायला लागते आणि समोर येईपर्यंत चहा होतो. तिकडे लोक वेगळी मालगाडी टिपायला थंडीवाऱ्यात रस्त्याच्या कडेला तासन्‌तास गाडी लावून बसतात. म्हणजे मी एकटा वेडा नाही, हे आमच्या सौ.ना मी पुराव्यानिशी दाखवलंय.

तिकडे दोन-तीन किलोमीटर लांबीच्या गाड्या नेहमीच्याच आहेत. पुढचं इंजिन पुरत नाही म्हणून गाडीच्या मधे किंवा मागेही इंजिनं जोडतात. ती पुढच्या चालकाच्याच हुकमानं चालतात. गव्हाच्या गाड्या, तेलाच्या गाड्या. आणि एक तर अशी मालगाडी, की जिला नाताळात दिव्यांच्या माळा लावतात. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीनं १९९९ मध्ये ही गाडी सुरू केली. गावोगावी थांबते, गाणी होतात आणि गरिबांसाठी धान्य आणि पैसा गोळा होतो.

पण मला सगळ्यात आवडला तो एक अगदी साधा फोटो. सारख्या दिसणाऱ्या वाघिणींची लांबच लांब गाडी. मी विचारलं, यात काय असतं? ती म्हणाली, ‘काका, पोटॅश.’ सस्कॅचेवानमध्ये जमिनीखाली पोटॅशच्या मोठ्या खाणी आहेत. तिथून ते रेल्वेनं बंदरावर, जहाजानं देशोदेशी जातं. आपल्या देशाला पोटॅश बाहेरूनच आणावं लागतं आणि जिथून येतं त्यात कॅनडाही आहे. म्हणजे आपल्या कपाशीला, मोसंबीला टाकलेल्या लाल खताचा काही भाग त्या मैदानातल्या गाडीनं निघालेला असू शकतो. पृथ्वीच्या पाठीवर एका टोकाला ती फोटो काढते, दुसऱ्या टोकाला मी काढतो. कदाचित एकाच मालाचे.

जालन्याच्या मालधक्क्यावर खताची एक रेक लागते तेव्हा काय होतं, त्याचा हिशेब मी नातवासोबत केला होता. ४२ बंद वाघिणी, सगळ्या मिळून साधारण २,६०० टन. युरियाची गोणी ४५ किलोची. म्हणजे एका रेकमध्ये सत्तावन्न हजारांहून जास्त गोण्या. दहा टनी ट्रक धरले तर २६० ट्रक. नातू म्हणाला, ‘आजोबा, २६० ट्रक आपल्या रस्त्यावर आले तर?’ पोराला अर्थशास्त्र कळलं.

दुसऱ्या प्रकारची गाडी दिसायला साधी असते, हे मी मघाशी म्हणालो. २०१६ चा एप्रिल आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली. दहा टाक्या, साधारण पाच लाख लिटर. टाक्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात आतून साफ करून आणल्या होत्या. पुढे पन्नास टाक्यांची गाडी झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. पावसाळा लागेपर्यंत आणि लागल्यावरही काही दिवस ती येत राहिली. याआधी १९८६ मध्ये गुजरातेत राजकोटला असंच रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं.

लातूरच्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं त्या गाडीचा फोटो पाठवला. पाहिला तर काय, तेलाच्या गाडीसारखीच गाडी. नवलाचं काहीच नाही. पण खाली त्यानं एकच ओळ लिहिली होती, ‘पाणी आलं.’ त्या दोन शब्दांशिवाय तो फोटो कुणाला कळला नसता. आपणही २०१३ चा उन्हाळा काढलाय. सोसायटीच्या टाकीजवळ टँकरची वाट पाहत बादल्यांची रांग लागायची, पहाटे पाळी लावायची, कुणी दोन बादल्या जास्त नेल्या यावरून बैठक घ्यावी लागायची. आपल्यावर रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली नाही, एवढंच. म्हणून पोरांना सांगतो, फोटो काढलात तर खाली लिहा. तारीख, ठिकाण, गाडी कुठून कुठं, आत काय होतं. नोंद नसलेला फोटो म्हणजे सही नसलेला चेक.

अशाच दोन गाड्या आणखी. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला देशातली पहिली किसान रेल निघाली. पुढे आपल्याच लाइनवरच्या नगरसोलहून कांदा भरून किसान रेल लांब लांब गेल्या. आणि १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून ऑक्सिजनसाठी रिकामे टँकर घेऊन गाडी विशाखापट्टणमला निघाली. सपाट वाघिणींवर अख्खे टँकर ट्रक चढवलेले. ट्रक रेल्वेवर चढवून न्यायची ही पद्धत कोकण रेल्वेनं १९९९ पासून कोलाड ते वेर्णा अशी चालवली होती. संकटात ती कामी आली. भरलेले टँकर चार-पाच दिवसांत नागपूर आणि नाशिकला पोचले. त्या दिवसांत आपल्यातल्या कितीतरी घरांनी एका सिलिंडरसाठी किती फोन केले, ते आपल्याला माहीत आहे.

आता थोडं बालमंडळींसाठी. वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे तिचा प्रकार सांगतात. तीसच्या घरात असले तर बंद वाघीण, चाळीसच्या घरात असले तर टाकी. पुढचे दोन कोणत्या रेल्वेची, त्यापुढचे दोन कोणत्या वर्षी बांधली. मग चार आकडे तिचे स्वतःचे. आणि शेवटचा, अकरावा, आकडा तपासणीचा. पहिल्या दहांपैकी दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा यांची बेरीज करून तिप्पट करायची. त्यात उरलेल्यांची बेरीज मिळवायची. पुढच्या दहाच्या पाढ्यातल्या संख्येला जेवढे कमी पडतात, तो अकरावा आकडा. कारकुनानं नंबर चुकीचा लिहिला तर इथं पकडला जातो. बँकेतही अशीच युक्ती असते. ज्याला गणिताचा कंटाळा आहे त्यानं फाटकावर उभं राहून चालत्या गाडीचे नंबर तपासून पाहावेत. कंटाळा पळतो, गाडीबरोबर.

गाडीच्या शेवटच्या डब्याकडेही बघा. मागं ‘एलव्ही’ अशी पाटी असते. स्टेशनवाला ती पाहून खात्री करतो की गाडी पूर्ण गेली, वाघीण सुटून मागं राहिली नाही. शेवटी गार्डाचा डबा. गार्डाला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. आता काही गाड्यांच्या मागं गार्डाच्या डब्याऐवजी एक यंत्रच बसवतात. म्हणजे झेंडा घेऊन दारात उभा असलेला तो माणूसही जाणार. फोटो काढून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारेल.

मंडळी, आता जे सांगायचं होतं ते सांगतो.

८ मे २०२०. लॉकडाऊन होतं. मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया भागातले वीस मजूर आपल्या जालन्यात पोलादाच्या कारखान्यात कामाला होते. गावी जायला गाडी मिळेल या आशेनं ते रात्री भुसावळच्या दिशेनं पायी निघाले. रस्त्यानं अडवतील म्हणून रुळांवरून चालत गेले. करमाडजवळ थकून बसले आणि बसल्या जागी रुळांवरच झोपले. पहाटे सव्वापाचच्या सुमाराला मालगाडी आली. तेलाच्या रिकाम्या टाक्यांची. चालकानं पाहिलं, भोंगा वाजवला, थांबवायचा प्रयत्न केला. गाडी थांबली नाही. सोळा जण गेले.

ती टाक्यांची गाडी मी शेकडो वेळा पाहिलीय. मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे मोठे डेपो आहेत, तिकडे अशा गाड्या जातच असतात. माझ्याकडे तिचे कितीतरी फोटो आहेत. पण त्या दिवशी सगळ्या देशानं जो फोटो पाहिला, त्यात गाडी नव्हती. रुळांवर विखुरलेल्या पोळ्या होत्या. त्यानंतर बरेच महिने मी फाटकावर कॅमेरा नेला नाही.

त्या लोकांना वाटलं, गाड्या बंद आहेत. का नाही वाटणार? सगळा देश म्हणत होता, रेल्वे बंद. बंद होत्या त्या माणसांच्या गाड्या. धान्य, खत, तेल, कोळसा यांच्या गाड्या एक दिवसही थांबल्या नव्हत्या. आपल्या घरात त्या दिवसांत गॅस होता, तांदूळ होता, तो त्यांच्यामुळे. माझ्यासारख्या फाटकावर उभं राहणाऱ्याला ही गोष्ट रोजची ठाऊक होती. शहरात ती फार थोड्यांना ठाऊक होती. मालगाडीकडे कुणी पाहत नाही असं मी मघाशी हसत म्हणालो. तिची किंमत अशी असते.

म्हणून तीन गोष्टी आपल्या घरात, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायांना, वॉचमनला, भाडेकरूंना, बांधकामावरच्या मजुरांना सांगा.

पहिली, मालगाडीला वेळापत्रक नसतं. स्टेशनातल्या फलकावर तिचं नाव लागत नाही. ‘या वेळेला गाडी नसते’ असं कुणी म्हणालं तर ते फक्त पॅसेंजरबद्दल खरं. आपली लाइन एकेरी आहे, एकाच रुळावर दोन्ही दिशांनी गाड्या येतात. आणि भरलेली गाडी ब्रेक लावल्या लावल्या थांबत नाही. वेगात असली तर थांबायला किलोमीटरभरही लागू शकतो.

दुसरी, आता विजेवर गाड्या धावतात. डिझेलच्या इंजिनाची धडधड लांबून कळायची. विजेचं इंजिन त्या मानानं गुपचूप येतं. कानात हेडफोन असलेल्या पोराला ते पाठीशी येईपर्यंत कळणार नाही.

तिसरी माझ्या छंदातलीच. उभ्या मालगाडीवर चढून सेल्फी काढायची नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लागावाच लागत नाही. नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. वाघिणीच्या छपरावर उभं राहिलेलं पोर त्या तारेच्या किती जवळ जातं, ते खालून कळत नाही. रुळांवर विनाकारण जाणं हा गुन्हाही आहे. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा. हजार रुपये भरता येतात.

फोटो काढायचाय ना? मग फाटकाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर, पुलावर उभे राहा. स्टेशनात काढायचा तर स्टेशन मास्तरांना विचारून काढा. सूर्य पाठीमागं घ्या. चौकटीत एखादं ओळखीचं झाड, पूल किंवा पाटी येऊ द्या, म्हणजे जागा पुढे ओळखता येते. एकेरी लाइनचा फायदा असा, की दुसऱ्या गाडीला वाट द्यायला मालगाडी स्टेशनात बाजूच्या रुळावर तासतासभर उभी राहते. फलाटावरून आरामात पाहा. घाई तिलाही नसते. चांगल्या फोटोसाठी जवळ जावं लागत नाही, हे मी पन्नास वर्षांच्या अनुभवानं सांगतो. थांबावं लागतं.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून माझे पंचवीस फोटो मी कार्यालयाला देतोय. प्रत्येकाच्या मागं तारीख आणि नोंद आहे. त्यांच्यासोबत एक कोरी वहीही देतो. बँकेतल्या रजिस्टरसारखे रकाने आखलेत: तारीख, ठिकाण, गाडी कुठून कुठं, वाघिणींचा प्रकार, माल, शेरा. जालन्याचं बियाणं बाहेर जातं, भंगार येतं आणि सळई होऊन जातं, खत येतं. या गावाची जमा-खर्चाची वही रुळांवरून रोज जाते. ती वाचायला कुणीतरी हवं. वही भरली की नवीन आणून देईन, मी असलो तर. नसलो तर स्टेशन रोडवर मिळते.

‘जालना सोने का पालना’ असं जुने लोक म्हणायचे. पाळण्याची दोरी कोणाच्या हातात असते ते पोरांनी या वहीत शोधावं, एवढी माझी इच्छा.

 सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला बोलायला बोलावलंत तर आनंदानं येईन.